सिसिलीतली जत्रा: आईला घेऊन कुठली गाठावी?

नाशिकचा_फिरस्ता
नमस्कार मंडळी. मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ असतो. जानेवारीत आई येतेय, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. वय ६८, गुडघे शाबूत, चालायला माझ्यापेक्षा खमकी. मागच्या खेपेला पॅरिस, रोम वगैरे उरकलंय. परवा फोनवर विचारलं, यंदा काय बघायचं? तर म्हणाली, "चर्च पुरे झाली रे. सगळी रिकामी. त्यांच्या देवाला कुणी भेटायला येतं की नाही?"

हे मी ऑफिसात सांगितलं. आमच्यात एक इटलीतल्या सिसिली बेटावरच्या कातानिया शहराचा आहे, तो पोट धरून हसला. म्हणाला, आईला फेब्रुवारीत माझ्या गावी घेऊन ये, सांत आगाताला. दुसऱ्या दिवशी पालेर्मोची एक बाई म्हणाली, त्याचं काही ऐकू नकोस, खरा सण आमचा. तिसऱ्याने त्रापानीचं नाव काढलं. मग त्या तिघांचंच जुंपलं.

माझ्या हातात सगळे मिळून आठ दिवस रजा आहे. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कधीही. ईस्टर यंदा एप्रिलच्या सुरुवातीलाच आहे, म्हणजे तोही जमेल. कुणी सिसिलीतले सण प्रत्यक्ष पाहिलेत का? गर्दी, थंडी, शाकाहार, सगळं सांगा. आई अंडं खाते, पण "केकमध्ये असतं ते मला सांगत जाऊ नका" या तत्त्वावर.

चकली
काकू भारी आहेत. वाचतेय.

सरळसोट
नाशिक सोडून जर्मनी, जर्मनी सोडून सिसिली, आणि बघायचं काय तर पालखी. त्र्यंबकेश्वर काय वाईट होतं? (हलके घ्या.)

पारू_पालेर्मोकर
अकरा वर्षं पालेर्मोत आहे, नवरा इथलाच. म्हणजे मी निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगते. आमची सांता रोझालिया. इथे तिला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाहीत, 'सांतुत्सा' म्हणतात, म्हणजे आपली छोटी संतबाई. १६२४ साली ट्युनिसहून आलेल्या जहाजातून शहरात प्लेग शिरला. त्याच वर्षी १५ जुलैला मोन्ते पेलेग्रिनो डोंगरावरच्या गुहेत तिची हाडं सापडली, पुढच्या वर्षी ती शहरातून मिरवली आणि साथ ओसरली, अशी श्रद्धा. तेव्हापासून दर जुलैला 'फेस्तीनो'. १४ जुलैच्या रात्री जहाजासारखा भलामोठा रथ निघतो. क्वात्रो कान्ती चौकात आला की महापौर त्यावर चढून ओरडतो, "व्हिवा पालेर्मो ए सांता रोझालिया!" आणि मग समुद्रावर दारूकाम. २०२४ मध्ये चारशेवा फेस्तीनो झाला, तेव्हा आमच्या गल्लीत तीन दिवस कुणी झोपलं नाही.

पण फिरस्ता, तुझ्या तारखांत हे बसत नाही. तेव्हा जड अंतःकरणाने सांगते: कातानियाला जा. ३ ते ५ फेब्रुवारी. काकूंनी जो प्रश्न विचारलाय त्याचं उत्तर तिथे आहे.

थोडक्यात सांगते. आगाता ही तिसऱ्या शतकातली मुलगी. रोमन अधिकारी क्विंत्सियानो तिच्या मागे लागला, ती बधली नाही, म्हणून तिचे हाल केले, स्तन कापले. इसवी सन २५१ मध्ये ती गेली. पुढच्या वर्षी शेजारचा एटना ज्वालामुखी फुटला आणि लोकांनी तिच्या कबरीवरचं वस्त्र लाव्हासमोर धरलं तर लाव्हा थांबला, अशी कथा. तिच्या अस्थी बायझंटाइन सेनापतीने कॉन्स्टँटिनोपलला नेल्या होत्या, त्या ११२६ साली दोन सैनिकांनी परत आणल्या. रात्री घंटा वाजल्या तेव्हा लोक झोपेतून उठून अंगातल्या झग्यानिशी धावले म्हणे. म्हणून आजही भक्तांचा वेश तोच: पांढरा झगा (साक्को), डोक्यावर काळी मखमली टोपी, हातात पांढरे मोजे आणि पांढरा रुमाल.

४ तारखेला पहाटे कॅथेड्रलमधली तिची खोली उघडतात. तीन किल्ल्या लागतात, तीन वेगळ्या माणसांकडच्या. आतून चांदीची मूर्ती येते, कंबरेपर्यंतचीच, १३७६ साली घडवलेली, अंगावर शतकानुशतकांचे दागिने. त्या क्षणाला लोकांचं जे होतं ते लिहून सांगता येत नाही. माझे सासरे (कट्टर पालेर्मोकर, कातानियाच्या नावाने नाक मुरडणारे) एकदाच गेले होते. परत आले ते दोन दिवस गप्प.

मग ती चांदीच्या रथात बसते आणि रथ हजारो माणसं दोन दोरांनी ओढतात, एकेक दोर शंभर मीटरच्या वर लांब. ४ तारखेला रथावर लाल फुलं, ५ला पांढरी. एक जण ओरडतो, "आपण सगळे भक्त आहोत ना, सगळे?" आणि बाकीचे, "चेर्तु, चेर्तु!" म्हणजे अर्थातच.

चकली
पारूताई, अंगावर काटा आला. ते तीन किल्ल्यांचं आईला नक्की सांग रे फिरस्ता.

खलाशी_वेंगुर्लेकर
मी पडलो आहे तिथे. शब्दशः. म्हणून लिहितो.

आमचं जहाज ऑगस्टा बंदरात लागलं होतं, दुरुस्तीसाठी आठवडाभर. बोसन (खलाशांचा मुकादम) म्हणाला, कातानियाला मोठी जत्रा आहे. गेलो चौघं. भक्तांच्या हातात मेणबत्त्या असतात ना, त्या आपल्या देव्हाऱ्यातल्या नव्हेत. मनगटाएवढ्या, मांडीएवढ्या. नवस बोललेला माणूस स्वतःच्या वजनाइतकं मेण खांद्यावरून नेतो. एक पोरगा पाहिला, विशीचा असेल, खांद्यावर फडकं, त्यावर एवढा मोठा मेणाचा सोट, जळता. मेण मानेवरून पाठीवर ओघळत होतं आणि तो रडत होता. भाजल्यामुळे नव्हे. त्याच्या बरोबरची बाई, बहुधा आई, मधूनमधून त्याच्या मानेवरचं थिजलेलं मेण नखाने सोलून काढत होती, जसं आपण पोराच्या गालावरचा भात काढतो.

आता गंमत अशी की हे सगळं मेण जातं रस्त्यावर. एटनाच्या काळ्या दगडाची फरसबंदी, त्यावर मेणाचा थर, त्यावर लाकडाचा भुसा टाकलेला. ६ तारखेला सकाळी मी शहाणपणाने पावलं टाकत होतो, तरी चौकात असा सरकलो की थेट एका भाजीवाल्याच्या क्रेटमध्ये. तो हसला नाही. त्याने फक्त "मेण," एवढंच म्हटलं आणि मला एक संत्रं दिलं. नंतर कळलं, पुढचे काही दिवस दुचाकीवाले तिथून जातच नाहीत.

तेव्हा सल्ला एकच: काकूंना रबरी तळाचे, नक्षी असलेले बूट घ्या. चप्पल नको. बाकी सगळं देवी बघेल.

ढब्बू_मिरची
भाजीवाल्याच्या क्रेटमध्ये 😂 काका, संत्रं गोड होतं का?

खलाशी_वेंगुर्लेकर
रक्तवर्णी होतं. एटनाच्या पायथ्याची तीच जात. नंबर एक.

सरळसोट
मी मघाशी मस्करी केली, आता गंभीर बोलतो. ६८ वर्षांच्या बाईंना अशा गर्दीत न्यायचं? २००४ साली सानजुलियानोच्या चढावर, जिथे रथ ओढत पळत नेतात, तिथे चेंगरून एका तरुणाचा जीव गेला. दुसरं, त्या चमत्काराबद्दल. १६६९ साली एटना फुटला तेव्हा वस्त्र कुठे होतं? लाव्हा शहरात घुसला, समुद्राकाठचा ऊर्सीनो किल्ला वेढला, आणि त्या किल्ल्याचा आता समुद्राशी संबंधच उरलेला नाही. १६९३च्या भूकंपात उरलेलं शहर भुईसपाट. आणि तरी चांदीच्या रथावर कोट्यवधींचे दागिने. श्रद्धेला माझा विरोध नाही, पण आपण भारावून लिहिताना हेही लिहावं.

पारू_पालेर्मोकर
सरळसोट, मुद्दा मान्य. चढाचं खरं आहे. रस्ता फार निसरडा वाटला तर तो चढ रद्द केल्याचीही उदाहरणं आहेत, आणि पेटत्या मेणबत्त्या कुठे न्यायच्या यावरही पालिका बंधनं घालते. (पाळतात किती, तो वेगळा विषय.) म्हणून काकूंनी चढाच्या बाजूला जाऊच नये. ५ तारखेच्या रात्रीनंतर, म्हणजे ६ची पहाट उजाडते तेव्हा, रथ व्हिया क्रोचिफेरीवर येतो. तिथल्या मठातल्या बंदिस्त जोगिणी जाळीआडून तिच्यासाठी गातात. हजारो माणसं एकदम चूप. तिथे उभं राहायचं.

लाव्हाचं म्हणाल तर कातानियाचे लोक १६६९ विसरलेले नाहीत. उलट १८८६मध्ये निकोलोसी गाव वाचलं ते वस्त्र नेल्यामुळे, हे ते लगेच ऐकवतील. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने सांगतात. अडचण फक्त आपल्याला वाटते.

सरळसोट
"अडचण फक्त आपल्याला वाटते." हे मात्र पटलं. खंडोबाला हळद उधळणाऱ्या माझ्या वडिलांनाही कधी वाटली नाही.

मावळी
अगदी आपलीच जत्रा की हो! दोर ओढणं = रथ, झगा = वारकऱ्यांचा पांढरा पोशाख, वस्त्र = देवीची ओटी. सगळे धर्म एकच.

कळसूत्री
मावळीबुवा, 'सगळं एकच' म्हटलं की बघायचं काही उरतच नाही. कातानियाच्या मिरवणुकीत पुढे 'कान्देलोरे' चालतात, त्या पाहा. लाकडाचे सोनेरी मनोरे, चारशेपासून नऊशे किलोपर्यंत, एकेक मनोरा एकेका धंद्याचा. मासेवाले, खाटीक, पाववाले, शेवया करणारे, दारूगुत्तेवाले. पाववाल्यांचा सगळ्यात जड, त्याला लोक 'आई' म्हणतात. तो मनोरा खांद्यावर घेऊन माणसं डुलत चालतात, नाचवतात. इथे जातीची किंवा गावाची पालखी नाही, धंद्याची आहे. मध्ययुगातल्या कारागीर संघांची खूण. हे आपल्याकडे असं नाही, आणि तेच बघण्यासारखं आहे.

माझं खरं वेड मात्र वेगळं. मी कुडाळजवळचा. पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या लहानपणापासून पाहिलेल्या. म्हणून सिसिलीला गेलो तो 'ओपेरा देई पूपी'साठी, म्हणजे तिथल्या बाहुल्यांच्या खेळासाठी. आपल्या बाहुल्या दोऱ्यांवर. तिथला पूपो लोखंडी सळ्यांवर, एक सळी डोक्यातून, दुसरी उजव्या हातात. अंगावर खरं पत्र्याचं चिलखत. पालेर्मोचा पूपो साधारण ऐंशी सेंटिमीटर उंच, आठेक किलो, गुडघ्यात वाकतो, तलवार म्यानातून काढतो. कातानियाचा सव्वा मीटरच्या आसपास, वजन तिसावर जातं, गुडघा ताठ, तलवार कायम हातात. म्हणजे एकाच बेटावर दोन घराणी.

कथा शार्लमेन राजाच्या सरदारांच्या: ऑर्लांदो, रिनाल्दो, सुंदरी आंजेलिका, आणि फितुर गानो. पूर्वी ही कथा महिनोन्महिने रोज रात्री क्रमशः चालायची. गानो आला की लोक जोडे फेकायचे. सांगतात की एकदा रिनाल्दो कैदेत असताना खेळ संपला, तर मध्यरात्री एक प्रेक्षक बाहुलीवाल्याच्या दारात: आत्ताच्या आत्ता त्याला सोडव, मला झोप लागत नाही.

लढाई सुरू झाली की बाहुलीवाला लाकडी तळाच्या जोड्याने फळ्यांवर पाय आपटतो. पहिल्या रांगेत होतो. बाकाची फळी माझ्या मांडीखाली थरथरत होती. ऑर्लांदोने एका घावात तिघांची मुंडकी उडवली, एक उडून माझ्या पायाशी. शेजारच्या सहा-सात वर्षांच्या पोरीने ते उचललं, पुसलं आणि रंगमंचाच्या कडेला नीट परत ठेवलं. सवयीचं असावं.

२००१ साली युनेस्कोने या कलेला मान्यता दिली. पालेर्मोत बाहुल्यांचं मोठं संग्रहालय आहे, आंतोनियो पास्क्वालिनो यांच्या नावाचं. आणि बाहुलीवाले मिम्मो कुटिक्कियो यांचा खेळ असेल तर सोडू नका.

नीलमोहर
कळसूत्री, स्वतंत्र लेख लिहा ना यावर. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

ढब्बू_मिरची
अवांतर: आगाताच्या नावाने म्हणे एक मिठाई असते?

आजीचा_बटवा
असते. 'मिन्ने दी सांत आगाता'. गोल घुमटासारखा छोटा केक, आत रिकोत्ता (पनीरासारखं मऊ चीज), वर पांढरीशुभ्र साखरेची चकाकी आणि मधोमध एक लाल चेरी. कथा आठवा आणि चेरी कुठे आहे ते बघा, म्हणजे नावाचा अर्थ सांगावा लागणार नाही. दुकानात बायका बिनदिक्कत डझनाने मागतात. त्याच्याच शेजारी बदामाच्या हिरव्या गोळ्या, ऑलिव्हच्या आकाराच्या.

पण मी १९ मार्चच्या बाजूने. सान जुझेप्पेचा, म्हणजे संत जोसेफचा दिवस. पश्चिमेला सालेमी नावाचं गाव आहे. तिथे घराघरांत लॉरेल आणि मर्टलच्या डहाळ्यांचा मांडव घालतात, त्यात संत्री-लिंबं टांगतात आणि पावाच्या मूर्ती. हो, पावाच्या! मोर, सूर्य, करवत, शिडी, फुलांची परडी, सगळं कणकेचं, अंडं लावून भाजलेलं, काही इतकं बारीक की लेस वाटावी. मग तीन मुलांना (येशू, मारिया, जोसेफ समजून) ताटावर बसवून पोटभर जेवायला घालतात. यजमान उभा राहून वाढतो, तो स्वतः बसत नाही. उपासाचे दिवस म्हणून मांस नाही. पास्त्यावर चीज नाही तर भाजलेला पावाचा चुरा, कारण जोसेफ सुतार आणि चुरा म्हणजे त्याच्या सुतारकामातला भुसा.

फिरस्ता, तुझ्या आईला हे घरचं वाटेल. सवाष्ण-ब्राह्मण जेवायला घालायची सवय असणाऱ्या बाईला काही समजावून सांगावं लागणार नाही. गर्दीही नाही.

चकली
भुशाऐवजी पावाचा चुरा!! हे ज्याला सुचलं त्याला दंडवत.

गोडबोले_गप्पिष्ट
मी डिसेंबरमध्ये गेलो होतो, १३ तारीख, सांता लुचिया. त्या दिवशी पालेर्मोत गव्हाच्या पिठाचं काही खात नाहीत. पाव नाही, पास्ता नाही. दुष्काळात धान्याचं जहाज आलं तेव्हा लोकांना दळायचाही धीर धरवला नाही, गहू तसेच शिजवून खाल्ले, त्याची आठवण. म्हणून 'कुच्चीया' करतात: अख्खे गहू शिजवून त्यात रिकोत्ता आणि साखर. पहिला घास घेतला आणि मला माझी सोलापूरची आत्या आठवली. हुग्गीच की हो. फक्त गुळाऐवजी साखर आणि दुधाऐवजी रिकोत्ता. आणि दिवसभर आरांचीनो, म्हणजे सारण भरून तळलेला भाताचा गोळा.

पारू_पालेर्मोकर
आरांचीना. स्त्रीलिंगी. गोल, संत्र्यासारखी, म्हणून.

खलाशी_वेंगुर्लेकर
कातानियात आरांचीनो. पुल्लिंगी. टोकदार, एटनासारखा. मी तिथे 'ना' म्हटलं तर दुकानदाराने मला दोनदा उच्चार करायला लावला.

पारू_पालेर्मोकर
बघा, म्हणून मी म्हणते त्या शहरात जाऊ नये. (इटालियन भाषेच्या अकादमीने २०१६ साली दोन्ही बरोबर असा निकाल दिलाय. कुणीही मानत नाही.) फिरस्ता, महत्त्वाचं: 'आल बुर्रो' लिहिलेलं असेल तर ते नुसतं लोणी नाही, आत बहुतेक वेळा हॅम असतं. वांग्याचं किंवा पालकाचं मागा. आणि पालेर्मोला आलात तर 'पानेल्ले': चण्याच्या पिठाचं पिठलं घट्ट शिजवून, थापून, कापून, तळून पावात. तळलेली पाटवडी समजा. काकू दोन खातील.

सरळसोट
या मिरवणुकांमध्ये माफियाचं काय? मूर्ती म्हणे डॉनच्या घरासमोर थांबवून वाकवतात. २०१४ साली मोठं प्रकरण झालं होतं.

मावळी
२०१४चं ते प्रकरण सिसिलीतलं नव्हे, समोरच्या कॅलाब्रियातलं, ओप्पिदो मामेर्तीना. तिथल्या बिशपने नंतर मिरवणुकाच थांबवल्या होत्या.

पारू_पालेर्मोकर
मावळी बरोबर. पण सिसिलीला तो प्रश्न नाही असं नाही. मिरवणूक कुठे थांबते, खांदा कुणाला मिळतो, यात मान असतो आणि जिथे मान असतो तिथे तो मिळवणारे येतात. इथे लोक हे दबक्या आवाजात नाही, उघड बोलतात आता.

वैशाखी
मला पारूताईंना विचारायचंय. पालेर्मोतले तमिळ लोक सांता रोझालियाला मानतात असं वाचलं होतं. खरं?

पारू_पालेर्मोकर
खरं. श्रीलंकेतून आलेले, बरेचसे हिंदू, ऐंशीच्या दशकापासून इथे आहेत. रविवारी सकाळी मोन्ते पेलेग्रिनोच्या जुन्या फरसबंद वाटेने अनवाणी चढणाऱ्या तमिळ बायका मी कितीदा पाहिल्यात. वरती देऊळ म्हणजे गुहाच. छतातून पाणी सतत ठिबकतं, ते पकडायला पत्र्याचे वेडेवाकडे पन्हाळे लावलेत, अख्ख्या छतभर, आधुनिक शिल्पासारखे. ते पाणी लोक बाटलीत भरून नेतात.

एकदा माझ्या पुढे एक आजी होत्या, सुती साडी, वर स्वेटर. काचेतल्या मूर्तीसमोर त्यांनी दोन्ही हातांनी कान धरले, दोन बैठका काढल्या, कपाळावर टिचक्या मारल्या. आपण गणपतीला करतो तसं. शेजारी माझी सासू जपमाळ घेऊन. तिने बघितलं, मला विचारलं हे काय. मी म्हटलं, माफी मागतात. सासू म्हणाली, "मग बरोबर आहे."

फिरस्ता, यासाठी तारीख लागत नाही. कातानियाहून तीन तासांत पालेर्मो. काकूंना आण, मी घेऊन जाईन.

चकली
"मग बरोबर आहे." ❤️

गोडबोले_गप्पिष्ट
त्रापानीचं कुणीच बोललं नाही अजून. गुड फ्रायडेला दुपारी दोनला निघालेली मिरवणूक शनिवारी दुपारी परत. चोवीस तास! वीस देखावे, लाकूड आणि सरसात बुडवून कडक केलेल्या कापडाचे, खांद्यावर. तेही एकेका धंद्याचे. मागे बँड शोकगीतं वाजवतो आणि खांदेकरी त्या तालावर डुलतात. त्या डुलण्याला 'आन्नाकाता' म्हणतात, मूळ शब्दाचा अर्थ पाळणा हलवणं. म्हणजे मेलेल्या देवाला झोका. थांबायची-चालायची खूण एक लाकडी खुळखुळा वाजवून देतात. शनिवारी चर्चच्या दाराशी आल्यावर आत जायला तयारच नसतात, पुढे जातात, मागे येतात, पुन्हा पुढे. माणसं ढसाढसा रडतात.

मी रात्री दोनपर्यंत टिकलो. मग एका पायरीवर बसल्या बसल्या झोपलो. उठलो तेव्हा अंगावर कुणीतरी घोंगडी टाकलेली होती.

ढब्बू_मिरची
मला रडायचं नाही, हसायचं आहे. काही आहे का?

कळसूत्री
प्रित्सीला जा, ईस्टरच्या रविवारी. लाल कपड्यांतले दोन सैतान आणि पिवळ्या कपड्यांतला मृत्यू सकाळपासून गावभर धुमाकूळ घालतात. तुम्हाला पकडतात आणि 'नरकात' नेतात. नरक म्हणजे बार. पैसे मोजल्याशिवाय सुटका नाही. दुपारी येशू आणि मारियाच्या मूर्ती भेटायला येतात, सैतान मध्ये नाचून अडवतात आणि शेवटी हरतात.

खलाशी_वेंगुर्लेकर
आणि चेफालूला ऑगस्टमध्ये समुद्रावर आडवा खांब बांधतात, साबण-चरबी चोपडून. टोकाला झेंडा. पोरं एकामागून एक धावतात आणि धपाधप पाण्यात. दहीहंडी आडवी केली तर अशी दिसेल.

वैशाखी
आडवी दहीहंडी! विमा नको, हेल्मेट नको. मुंबईला सुचवा.

नीलमोहर
लोकहो, काकू एप्रिलमध्ये परत जाणार आहेत. जुलै, ऑगस्ट, डिसेंबर काय सांगत बसलात?

आजीचा_बटवा
मग नोव्हेंबरचंही सांगून घेते 😄 २ नोव्हेंबर, मृतांचा दिवस. आपल्या पितृपक्षात आपण त्यांना वाढतो, तिथे ते पोरांसाठी खाऊ आणतात. रात्री आजोबा-पणजोबा येऊन खेळणी आणि साखरेच्या रंगीत बाहुल्या लपवून जातात, पोरं सकाळी घरभर शोधतात. बाहुल्या कुणाच्या? कळसूत्रींच्या ऑर्लांदो-रिनाल्दोच्याच. आणि आदल्या रात्री घरातली किसणी लपवून ठेवायची. द्वाड पोरांचे तळपाय मेलेले लोक किसतात!

चकली
किसणी!! माझ्या पोराला आजच सांगते.

नाशिकचा_फिरस्ता
सगळ्यांचे आभार. रविवारी आईला अख्खा धागा फोनवर वाचून दाखवला, दीड तास. तिचे निर्णय असे:
त्रापानी नको, "चोवीस तास सुतक कशाला." सालेमी आवडलं, पण "जेवायला घालणार तर मी हात हलवत कशी जाऊ, मी काय करून नेऊ?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पालेर्मोची गुहा नक्की, पारूताई, व्यक्तिगत निरोप केला आहे. आणि कातानिया. तीन किल्ल्यांवर अडून बसली. "तिसरी किल्ली कुणाकडे असते ते विचार."
सरळसोटांना तिने खास निरोप दिलाय: त्र्यंबकेश्वर झालंय, सतरा वेळा.

सरळसोट
काकूंना साष्टांग नमस्कार. माघार.

नाशिकचा_फिरस्ता
धागा वर काढतोय. काल रात्री परतलो.

सगळं लिहायला बसलो तर पुन्हा रजा घ्यावी लागेल. एवढंच सांगतो. ६ तारखेची पहाट, व्हिया क्रोचिफेरी. आम्ही भिंतीला टेकून उभे होतो, साडी, वर माझा जाड कोट, त्यावर तिची करवतकाठी शाल, पायात नक्षीदार रबरी बूट (खलाशीकाका, एकदाही घसरली नाही, मी दोनदा). आमच्या शेजारी तिच्याच वयाची एक बाई, तीही भिंतीला टेकलेली, हातात हातभर मेणबत्ती. तिला मराठी येत नाही, आईला इटालियन येत नाही. दोघी तासभर बोलत होत्या. मला कळलं ते एवढंच की विषय गुडघे होता. मग तिने कागदाच्या पुडीतून भाजलेले चणे काढले, आईने पर्समधून आवळा सुपारी.

जोगिणी गायला लागल्या तेव्हा त्या बाईने मेणबत्ती आईच्या हातात दिली आणि स्वतः रुमाल काढून हलवायला लागली. आईने धरली. दोन्ही हातांनी, आरतीचं ताट धरतात तशी. आणि मला म्हणाली, "आले की रे सगळे भेटायला."

तर आता प्रश्न: शालीवर मेण सांडलंय, पदराएवढं. कसं काढायचं?

चकली
आधी मी डोळे पुसते, मग सांगते.

आजीचा_बटवा
खरवडू नका. वर-खाली टिपकागद ठेवून कोमट इस्त्री. कागद मेण ओढून घेतो. दोन-तीनदा कागद बदला.

नाशिकचा_फिरस्ता
ताई, उशीर झाला. आईने धीर धरला नाही. टिपकागद सापडला नाही म्हणून विमानतळावरून आणलेला तिथला पेपर ठेवून इस्त्री फिरवली. मेण निघालं. शालीवर आता फुटबॉलची बातमी आहे. उलटी.